मावशी, ऑक्सिजन आणा!

आई,

तू काहीही म्हण, मी अक्काचीच चूक धरून बसलो होतो. जन्मभर डॉक्टरांच्या मागे राबलीस आणि शेवटच्या वेळी तुझ्याजवळ एक डॉक्टर नाही! हेच मी तिला फोनवर सुनावलं आणि नंतर दीड वर्ष तिच्याशी बोललो नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बारक्या, तोंड आवर." माहीत आहे मला.

पण परवा रविवारी जे पाहिलं, ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना. इथे परमुलखात, मुनिरका वस्तीतल्या खोलीत बसून लिहितोय. अक्षर नववीत शाळा सोडली तेव्हाचंच आहे. हसू नकोस.

नोकरी परत बदलली. हो, पाचवी! काम वाढप्याचंच, पण आता एका मराठी केटररकडे. रविवारी इथल्याच द्वारका भागात एका हॉलमध्ये दुपारचं जेवण होतं. तुझ्याच मेडिकल कॉलेजची बॅच, तीस वर्षांनी भेटलेली. साठ डॉक्टर, आई! सगळ्यांच्या छातीवर बिल्ले आणि त्यावर होस्टेलमधली नावं. टक्कल पडलेली, पोट सुटलेली माणसं एकमेकांना "ए घोड्या", "ए चिमणे" करत होती.

"बाळ्या" असा बिल्ला लावलेले एक डॉक्टर बासुंदीला दुसऱ्यांदा आले. "वाढ रे. शुगर आहे मला, पण आज नाही." मग विचारलं, "कुठला तू?"

"तुमच्या कॉलेजच्याच गावचा. माझी आई तिथं वॉर्डात मावशी होती."

"अच्छा! नाव काय त्यांचं?"

"शेवंता."

ते विचारात पडले. "नावानं कुणाला ओळखायचो यार! सगळ्या मावशीच. पण थांब, आठवेल. जेवण होऊ दे, सांगतो."

मला रागच आला. लहानपणीही यायचा. "तुला नाव नाही का?" म्हणून भांडायचो, आठवतं? तू म्हणायचीस, "हाक मारली की मी जाते ना? मग झालं तर!"

तेवढ्यात त्यांच्या हातातून वाटी पडली. आधी सगळे हसले. कुणीतरी ओरडलं, "बाळ्या, अजून सांडतोसच का रे?" मग ते स्वतःच कोसळले.

आई, बघता बघता वीस डॉक्टर त्यांच्याभोवती! एक छाती दाबतोय, एक नाडी बघतोय, कुणी ॲम्ब्युलन्सला फोन लावतंय. "बाळ्या, डोळे उघड! ए बाळ्या!" छाती दाबणारे पांढऱ्या केसांचे डॉक्टर मान वर न करता ओरडले, "मावशी, ऑक्सिजन आणा!"

कुठली मावशी? कुठला ऑक्सिजन? जेवणाचा हॉल होता तो! पण जुन्या सवयीनं त्यांच्या तोंडून तुझीच हाक निघाली, आणि मी बासुंदीचा डाव हातात घेऊन धावत सुटलो. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि थांबलो. आणणार काय?

ॲम्ब्युलन्स घेऊन गेली. अर्ध्या तासानं फोन आला. गेले. पुरणपोळ्या तशाच झाकलेल्या, आणि ते सगळे डॉक्टर खुर्च्यांवर बसून राहिलेले. पांढऱ्या केसांचे डॉक्टर स्वतःच्या तळहातांकडे बघत एवढंच म्हणत होते, "आपण सगळे होतो रे इथे. सगळे होतो."

तेव्हा मला अक्का दिसली. घरात एकटी. शेजारच्या रिक्षावाल्याचं दार बडवणारी. "आईनं पाणी मागितलं आणि मी आणेपर्यंत ती गेली रे," किती वेळा सांगत होती! आणि मी काय म्हणालो? "तुला एक डॉक्टर आणता आला नाही?" काय बोलून बसलो मी, आई! मी तरी कुठे होतो? इथे, कुणाच्या तरी लग्नात पापड वाढत.

त्या डॉक्टरांना तुझा चेहरा आठवला असता का गं? आता कोण सांगणार!

तुझ्या वर्षश्राद्धाला मी गेलो नाही. नुसते पैसे पाठवले, फोनसुद्धा केला नाही. अक्कानं दुसऱ्याच दिवशी ते परत पाठवले. बरोबर केलं तिनं. मी अजून त्यांना हात लावलेला नाही.

तुला शब्द देतो. उद्या सकाळी ती कामावर निघायच्या आत फोन करतो. "चुकलो" म्हणतो. ती शिव्या देईल, रडेल, सगळं ऐकून घेतो, मध्येच ठेवत नाही. तिचं बोलून झालं की विचारतो, "आता घेशील का?" हो म्हणाली, तरच तेच पैसे पुन्हा पाठवतो. पाच हजार.

तुझा,
बारक्या