शेपटीजवळचे ठिपके

पेठ, मंगळवार, संध्याकाळ

माझ्या मार्गदर्शक सरांनी विश्वासाने घरी आणू दिलेला खोल समुद्रातला कंदीलमासा आईने आज मीठ लावून, चोळून धुतला! "पावणं यायचं व्हतं, अन् बरणीतनं दारूचा वास सुटला व्हता," म्हणते. मासा टिकवायचं स्पिरिट तिने मोरीत ओतलं आणि मासा साध्या पाण्यात ठेवला. तिला काय बोलणार? बरणी ओट्यावर मीच ठेवली होती.

या कुळातल्या जाती ओळखायच्या त्या अंगावरच्या उजेडाच्या ठिपक्यांवरून. खवल्यांबरोबर ते सगळे गेले. शेपटीजवळची ओळ मी दोनदा मोजली होती. एकदा अकरा आले, एकदा बारा. तिसऱ्यांदा आज मोजणार होते.

"टिकल्यांसारखं कायतरी निघालं बघ. मला वाटलं घाण हाय," आई म्हणाली.

उद्या सरांना सांगायचंच. मासा खराब झाला म्हटल्यावर रागावतील, ते ऐकून घेईन. पण शेपटीजवळ किती होते, असं विचारलं तर? अकरा असतील तर एक जात, बारा असतील तर दुसरी, आणि माझ्या प्रबंधाला बाराच हवेत. मी बारा म्हटलं तरी आता मला खोटं ठरवणारं कुणीच उरलं नाही. सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटतेय.