अकरा फुटांचा मफलर

बासेनडीन, पर्थ
२१ सप्टेंबर

प्रिय नोरीन,

शनिवारी सकाळी कॉन्व्हेंटच्या मागच्या पायरीवर बसून आपण दोघी मुलांच्या फुटबॉलच्या सामन्यासाठी संत्री कापायचो, ते तुला आठवतं का गं? तिसरा टप्पा संपला की चिखलाने माखलेली ती पोरं धावत यायची आणि आपण तासभर खपून भरलेली परात अर्ध्या मिनिटात रिकामी व्हायची. एक संत्रं सिस्टर इग्नेशियस आपल्यासाठी झग्याच्या खिशात लपवून ठेवायच्या. त्यांचा नियम असा होता की एकीने कापायचं आणि दुसरीने आधी उचलायचं. सुरी कायम माझ्या हातात, कारण तू मोठी बहीण, आणि ‘तुझाच हात सरळ चालतो गं कार्मेल’ असं म्हणून मला चढवायचीस. मी श्वास रोखून बरोबर मध्यावर कापायची, तरी तू दोन्ही अर्धुकं उचलून, वजन करून, उजेडात धरून मगच एक निवडायचीस. काल शेजारच्या विन्सने त्याच्या झाडाची संत्री आणून दिली. पहिलं कापलं तेव्हा समोर कुणीच नव्हतं, तरी मी श्वास रोखून बरोबर मध्यावर कापलं. मग दोन्ही अर्धुकं मलाच खावी लागली.

असो. तुझी तब्येत बरी असेल. केविनचा गुडघा आता जिने चढू देतो का? त्याला ह्या मेहुणीचा नमस्कार सांग, आणि हेही सांग की तुमच्या मेलबर्नहून जिलाँगला जायला तासभर मोटारीत बसावं लागतं म्हणून ‘आमच्याही संघाला प्रवास असतोच की’ असं तो जे ईस्टरला म्हणाला, ते मी अजून विसरलेले नाही. विसरणारही नाही.

आता ऑगस्टमध्ये मी न कळवता तुझ्या दारात उभी राहिले त्याचं खरं कारण लिहिते. (कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईला खरं बोलायला पाच आठवडे लागायला नको होते, पण लागले.) सुरुवात मार्चमध्ये झाली. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या सभागृहात चहा चालला होता आणि कुणीतरी मोसमाचं वेळापत्रक भिंतीवर टाचून ठेवलं होतं. आमचे नवे फादर एमेका नायजेरियाचे. त्यांना हा खेळ अजून नीटसा कळत नाही, पण सामन्याच्या वेळी प्रार्थना ठेवली तर बाकं रिकामी राहतात हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं, म्हणून वेळापत्रकाचा अभ्यास ते बायबलच्या खालोखाल करतात. ते बोट फिरवत राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, “कार्मेल, हे लोक एक आठवड्याआड सत्तावीसशे किलोमीटर जातात आणि तितकेच परत येतात. ह्यांनी असं काय पाप केलंय?” मी म्हटलं, “फादर, ते पर्थमध्ये जन्मले.” “आणि शेवटचा मोठा सामना?” “तो दर वर्षी मेलबर्नलाच.” “तुम्ही पहिले आलात तरी?” “पहिले आलो तरी.” फादरांनी कप खाली ठेवला आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

त्याच दुपारी मी सुया काढल्या. ठरवलं की आपला संघ जितकं उडेल तितकं विणायचं, शंभर किलोमीटरला दोन ओळी, हिरव्या-पांढऱ्या लोकरीत. शेजारी तुमच्या संघाचाही मफलर घ्यायचा, त्याच मापाने, म्हणजे पक्षपात नको. मोसम संपत आला की दोन्ही मफलर मेलबर्नला, स्पर्धा भरवणाऱ्या लीगच्या कचेरीत नेऊन टेबलावर पसरायचे आणि एक शब्दही बोलायचा नाही. अर्ज वाचायला त्यांना वेळ नसतो, पण मफलर वाचावा लागत नाही. ऑगस्टपर्यंत आमचा अकरा फूट झाला. तुमचा दोन फूट, आणि त्यातला निम्मा तुम्ही एकदा इकडे आलात त्याचा. केविनच्या गळ्याभोवती तो एकदाही पुरा फिरला नसता.

मेलबर्नला आमचा सामना होता, तेव्हा जायचं ठरवलं. एका फेरीत दोन कामं, सामना आणि कचेरी. आता ह्यात माझी चूक कुठे झाली ते बघ. शेवटच्या फेऱ्यांचे वार लीग आधी जाहीर करत नाही. कुठल्या सामन्याला गर्दी होईल हे पाहून मग ठरवते. मी मात्र चाळीस वर्षांच्या अनुभवावर रविवार धरला, शनिवारचं विमान घेतलं, तेही परत न करता येणारं. दोन आठवड्यांनी कळलं की सामना शुक्रवारी! म्हणजे वेळापत्रकाच्या अन्यायाचा पुरावा घेऊन निघालेली बाई वेळापत्रकामुळेच सामन्याला मुकली. विन्सला सांगितलं तर तो टोमॅटोच्या वाफ्यात हसत खालीच बसला.

शनिवारी दुपारी उतरले तेव्हा डाव्या कानात असा काही चटका बसला होता की कुणी काय बोलतंय ते पाण्याखालून ऐकू येत होतं. त्या अवस्थेत दारातून बाहेर पडते तर समोरच्या खुर्च्यांवर आमचा अख्खा संघ! आदल्या संध्याकाळी बासष्ट गुणांनी हरून, त्याच विमानाने घरी परतायला बसलेला. माझ्या मनात आलं, आपण एकाच वेळापत्रकाची माणसं. आमचा सगळ्यांत उंच टोबी (चेंडू वर उडाला की पहिली उडी मारतो तो, सहा फूट नऊ इंच) दोन खुर्च्यांवर आडवा झोपला होता आणि त्याचे पाय तिसऱ्या खुर्चीपलीकडे लोंबत होते. गारठा किती होता तुला माहीत आहे. घोट्यावर बर्फाची पिशवी बांधलेली, अंगावर पातळ बनियन. नोरीन, मी काही विचार केला नाही. माझ्या पिशवीतून मफलर काढला आणि हनुवटीपासून घोट्यापर्यंत त्याला पांघरला. अकरा फूट होता म्हणूनच पुरला. मग म्हटलं, जरा चहा घेऊन येऊ, तोवर उठेल. परत आले तर खुर्च्या रिकाम्या. विमान गेलं होतं, टोबी गेला होता, आणि माझा पुरावा सत्तावीसशे किलोमीटर उलटा उडत पर्थला निघाला होता.

उरलेला दोन फुटी तुकडा लीगच्या टेबलावर एकटाच ठेवून काय सिद्ध झालं असतं? म्हणून आधी बस, मग ट्राम पकडून तुझ्याकडे आले. तू दार उघडून म्हणालीस, “अगं बाई! अशी अचानक?” आणि मी म्हटलं, “तुझी आठवण आली.” तू लगेच ॲप्रनने डोळे पुसलेस आणि केविनला ओरडलीस, “उठ तिथून, तिला हीटरजवळ बसू दे!” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण त्या वेळी मला तुझी आठवण आली नव्हती, मला फक्त मफलरची आठवण येत होती. तुझी आठवण नंतर आली, तू माझ्या कानाशी गरम पाण्याची पिशवी धरून बसलीस आणि सिस्टर इग्नेशियसची नक्कल केलीस तेव्हा. समोर बसलेल्या माणसाची अशी आठवण येते हे मला आधी माहीत नव्हतं.

पुढचं तू टीव्हीवर पाहिलं असशील. टोबी तो मफलर चार वेढे घालून सरावाला गेला, आणि बातम्यांत सांगितलं की कुणा प्रेमळ आजीने विमानतळावर शुभेच्छा म्हणून दिला. शुभेच्छा! एवढी तक्रार मी ओळीओळीने विणली आणि त्यांनी तिचा मायेने स्वीकार केला. क्लबचं पत्रही आलं, फार सभ्य, की आणखी एक मिळेल का, दुसऱ्या उंच मुलालाही हवाय. (मी विणायला घेतलाय. तो पोरगा तस्मानियाचा आहे, त्याची आई लांब.)

पण हे पत्र विन्समुळे लिहितेय. परवा तो कुंपणावर कोपर टेकून म्हणाला, “कार्मेल, ती पोरं बावीस वर्षांची, पुढच्या रुंद खुर्चीत झोपून जातात, मालिश करायला माणूस बरोबर. तू सदुसष्ट वर्षांची, शौचालयाशेजारच्या खुर्चीत बसून जातेस. तुझं वेळापत्रक कोण करतं?” मी म्हटलं, “कोण म्हणजे? मी बहिणीकडे जाते.” “आणि ती?” मी म्हटलं, तुझ्या टोमॅटोंना पाणी घाल.

घरात आले आणि, मला क्षमा कर, सुया घेतल्या. ह्या वेळी एका खेपेला एक ओळ. मी लग्नापासून तुझ्याकडे एकतीस वेळा आले. तू इकडे चार वेळा: माझं लग्न, आईचा साठावा वाढदिवस, केविनच्या संघाचा सामना (तेव्हा एक रात्र, आणि तुम्ही जिंकलात म्हणून केविन न्याहारीला गात होता), आणि माझ्या नवऱ्याचं, डेसचं, शेवटचं आजारपण. चार ओळींना मफलर म्हणता येत नाही गं. सुईवरून उतरवल्या की आपोआप गुंडाळून अळीसारख्या होतात. लीग काय म्हणते? मैदान मोठं तिथे, बहुतेक संघ तिथे, म्हणून शेवटचा सामना तिथे. आणि तू दर नाताळला काय म्हणतेस? “टेबल मोठं इकडे, बहुतेक माणसं इकडे, तू एकटीच तर तिकडे आहेस, तूच ये.” तुझं म्हणणं खरं आहे. लीगचंही खरं आहे. एकट्याने लांब राहणाऱ्याचा दोष एवढाच की तो एकटा लांब राहतो.

ह्यात रुसवा नाही हं. मला तुझ्याकडून काहीच नको. सगळं बरं चाललंय, गुलाबांना कळ्या आल्यात, फादर एमेका आता पंचांवर ओरडायलाही शिकलेत. केविनला फक्त एकदा नकाशा दाखव.

तुझी,
कार्मेल

ता. क. आमचा संघ प्रवासाच्या दगदगीने हरतो असं मी सगळीकडे सांगत असते. त्या शुक्रवारनंतर ते घरच्या मैदानावर, नऊ दिवस विश्रांती घेऊन, स्वतःच्या गादीत झोपून खेळले, आणि त्र्याऐंशी गुणांनी हरले. हे केविनच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

ता. क. २. कानाचं तुला सांगितलं नव्हतं. पडदा फाटला होता. भरून येतोय, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षभर विमान नाही, आणि त्यांच्यापुढे माझं काही चालत नाही. रेल्वेने तीन दिवस बसायला माझी कंबर तयार नाही. म्हणजे ह्या नाताळला बत्तिसावी ओळ पडणार नाही. तू आली नाहीस तर पुढचं वर्षभर आपण भेटणार नाही. आजवर असं एकही वर्ष गेलेलं नाही, मी मोजलंय.

ता. क. ३. मोजायलाच बसले होते म्हणून, वरचं सगळं लिहून झाल्यावर, पाकीट चिकटवण्याआधी, एकदा खेपांऐवजी दिवस मोजले. मी बहुतेक वेळा तुझ्याकडे चार रात्री राहते. तू डेसच्या आजारपणात पाच महिने राहिलीस. मागच्या व्हरांड्यातल्या त्या खचलेल्या खाटेवर. केविनला अंडं उकडायला तेव्हाच शिकावं लागलं. दिवसाला एक ओळ धरली तर तुझा मफलर माझ्याहून लांब निघतो. सगळा उसवून टाकला. विन्सला मात्र सांगितलेलं नाही, त्याच्यापुढे मी अजून अन्याय झालेली बाई आहे. तर आता न्यायाने माझा तुझ्यावर काहीही हक्क उरलेला नाही, नोरीन. तरी ये.

मी कापलंय: नाताळाआधीचे दहा दिवस किंवा नंतरचे दहा दिवस. अगदी सारखे केलेत, उजेडात धरून बघ. आधी तू उचल.

ता. क. ४. सोबतच्या पार्सलमधलं असं वाटायचं. मार्मलेडच्या दोन बाटल्यांपैकी मोठी तुला, छोटी तुझ्या शेजारच्या बेव्हला, तिने ऑगस्टमध्ये मला कानात घालायचे थेंब आणून दिले होते. हिरवे मोजे तुझ्या धाकट्या नातवाला. तो तुमच्या संघाचा आहे हे मला ठाऊक आहे, पण पाय थंडच असतात ना. टीकोझी, म्हणजे किटली गरम ठेवायचं ते लोकरी टोपडं, केविनला. नीट पाहिलंस तर त्याला ओळखू येईल, ती त्याच्या संघाच्या दोन फुटांची आहे, आणि किटलीला अगदी बरोबर बसते. खचलेली खाट मी बदलली, नवी तुझी. संत्री पाठवायला राज्याच्या हद्दीवर परवानगी नाही, म्हणून ती इथेच राहतील. विन्सला सांगून फांदीवरचं एक राखून ठेवलंय. ते मी एकटीने कापणार नाही.