इररिगार्डलेस

६ जानेवारी, सोमवार

डोकं तापलंय! कोण कुठली मॅडम, तिचं तोंडही पाहिलेलं नाही, आणि माझ्या इंग्रजीवर लाल शाई!

संध्याकाळी प्रेरणा आली होती. गावातल्या गोपालची मुलगी, माझी जुनी विद्यार्थिनी. आता सावंगीला नर्स आहे. आयर्लंडच्या एका हॉस्पिटलात तिची नोकरी ठरत आलीय, पण त्याआधी नर्सांसाठीची इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागते. वाचणं, ऐकणं, बोलणं — तिन्हींत चांगले गुण. लिहिण्यात नापास! म्हणून पोरीनं मोबाईलवर क्लास लावला. क्लासच्या मॅडमनं तिचं सरावाचं पत्र तपासून पाठवलं, त्याची प्रिंट घेऊन आली.

"सर, हे मॅडम काऊन काटून राह्यली? तुमीच तं शिकवलं आमाले असं. तुमी लिहून द्या, मी तिले दाखवते."

'डिस्कस अबाउट' — काट. 'कोप अप विथ' — काट. 'इक्विपमेंट्स'मधल्या एसभोवती गोल. आणि 'इररिगार्डलेस'वर तर आडवी रेघ, शेजारी उद्गारचिन्ह!

इररिगार्डलेस! माझा शब्द! 'कशाचीही पर्वा न करता.' निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात घाला, पेपर तपासणारा ताठ होऊन बसेल — बत्तीस वर्षं हेच सांगत आलो. पोरं तोंड भरून म्हणायची.

प्रेरणाला ठणकावून सांगितलं, "मॅडम चुकली. पुराव्यासकट देतो."

७ जानेवारी, मंगळवार

मोठा शब्दकोश काढला. निवृत्तीच्या वेळी शाळेनं दिलेला. सहा वर्षं प्लास्टिकच्या पिशवीतच होता.

सापडला! इररिगार्डलेस — छापलेला! आमच्या हिला, कोकिळाला, हाक मारली, "हे पाय, आहे का नाई?" ती सुपात तूर पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "आहे तं आहे."

मग चष्मा पुसला. शब्दाच्या पुढं बारीक अक्षरांत काहीतरी होतं. प्रमाण नाही. लिहिताना टाळावा. त्याऐवजी 'रिगार्डलेस'.

'रिगार्डलेस'मध्ये नकार आधीच आहे. पुढं 'इर' लावला की दोनदा नकार. एवढं साधं! बत्तीस वर्षांत मला दिसलं नाही!

मग बाकीचे बघितले. डिस्कसच्या पुढं अबाउट लागत नाही. कोपच्या पुढं अप नाही. इक्विपमेंट एक असो की शंभर, एस लागतच नाही. मॅडमनं काटलेलं सगळं बरोबर काटलंय.

जेवलो नाही. पोट बरं नाही म्हणालो.

८ जानेवारी

प्रेरणाचा फोन. उचलला नाही.

९ जानेवारी

पुन्हा फोन. कोकिळानं उचलला. "सर आंघोळीले गेले," म्हणाली. मी समोरच बसलो होतो. फोन ठेवून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "मी एक डाव खोटं बोलली. दुसऱ्या डाव नाई बोलन."

११ जानेवारी, शनिवार

सांगितलं!

प्रेरणा आली तेव्हा शब्दकोश मांडीवर घेऊनच बसलो होतो. पान उघडून तिच्यापुढं धरलं. "मॅडम बरोबर आहे. चूक माझी आहे. तू नापास झाली ते माझ्या शब्दांनी."

तिनं वाचलं. वाटलं, आता उठून जाईल. गेली असती तरी माझी तक्रार नव्हती.

"म्हणजे सर, आमाले सगळ्यायले चुकीचं शिकवलं?"

"हो."

"दहावीत तं याचेच मार्क भेटले मले."

"तपासणारेही माझ्यासारखेच असतील."

यावर हसली बिचारी. पण डोळ्यांत पाणी होतं. मग पुसून म्हणाली, "परीक्षा आठ फेब्रुवारीले आहे सर. चार आठवडे. आणखी काय काय चुकीचं आहे ते शोधाचं का?"

शोधायचं का — दोघांनी! मी म्हटलं, शोधू.

१५ जानेवारी, बुधवार

यादी वाढतेच आहे. वही केली आहे — डाव्या पानावर मी शिकवलेलं, उजव्यावर बरोबर. 'रिप्लाय बॅक' नाही, नुसतं रिप्लाय. 'अ‍ॅडव्हाइसेस' असा शब्दच नाही. सुटीच्या दिवशी प्रेरणा इथं वडनेरला येते, बाकी दिवशी ड्यूटी संपली की फोन.

हे शब्द मला कुठून आले, याचा विचार करत होतो. कारंज्याला अण्णाजी मास्तरांनी शिकवले. त्यांना कुणी शिकवले, देव जाणे. हातोहात आले, मी पुढं दिले. तपासले कुणीच नाहीत.

दुसराही एक विचार येतो. पुण्याला प्रशिक्षणाला गेलो होतो तेव्हा मी 'मले' म्हटलं की सगळे हसायचे. प्रमाण नाही म्हणे! मग 'इररिगार्डलेस'नं काय घोडं मारलं? प्रेरणाला हे बोललो. ती म्हणाली, "सर, 'मले' आपली आई बोलते. इररिगार्डलेस कोणाची आई बोलते?"

पुढं म्हणाली, "आन् पत्र वाचणारा डॉक्टर एका शब्दापाशी अटकला, तं पेशंटचं राह्यते बाजूले." हे मात्र मी तिला शिकवलेलं नाही. हे वॉर्डात शिकली.

२० जानेवारी, सोमवार

सायकल काढून शेजारच्या गावी माझ्या जुन्या शाळेत गेलो. प्रयोगशाळेच्या कपाटावर 'सायन्स इक्विपमेंट्स' लिहिलंय, निळ्या रंगात, माझ्याच हातचं. तानबा शिपाई अजून आहे. त्याला पॉलिशपेपर मागितला.

"सर, एका अक्षरासाठी एवढ्या दूर आले?"

"ते अक्षर मीच काढलं होतं तानबा."

दोघांनी मिळून खरवडलं. एस गेला, पण खाली पांढरा डाग राहिला. तानबा म्हणाला, रंग लावतो. मी म्हटलं, राहू दे.

२१ जानेवारी

जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळी यादी टाकली. वर लिहिलं — 'हे मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. दुरुस्त करून घ्या. माफ करा. — रूपराव सर.' बटण दाबायला अर्धा तास लागला.

२२ जानेवारी, बुधवार

हात जोडलेली चित्रं, फुलं, 'सर तुम्ही ग्रेट!' त्यात काही अर्थ नाही.

कैलासनं मात्र फोन केला. नागपुरात कंपनीत मोठ्या जागेवर आहे.

"सर, मले ठाव होतं. पैल्याच ईमेलले साहेबानं साऱ्यायसमोर वाचून दाखवलं होतं. पंधरा वर्षं झाली."

"मग मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमाले कसं सांगाव सर? तुमी सर होय ना."

फोन ठेवला आणि ओसरीत बसून राहिलो. त्यानंतर निवृत्तीपर्यंतच्या नऊ तुकड्या! त्यानं सांगितलं असतं तर प्रेरणाची तुकडी वाचली असती. राग आला त्याचा. मग वाटलं, वर्गात शंका विचारणाऱ्या पोराला मी काय म्हणायचो? 'खाली बस, जास्त शहाणा झाला का?' कैलासलाच म्हणालो असेन.

२ फेब्रुवारी, रविवार

आज प्रेरणानं मला पकडलं! मी नमुन्याचं पत्र लिहून दिलं, त्यात 'कुड ऑफ'. तिनं पेन्सिलनं गोल केला आणि भीत भीत म्हणाली, "सर, इथं 'हॅव' पाह्यजे ना?"

पाहिजेच! कानाला तसं ऐकू येतं म्हणून तसं लिहून गेलो. मी टाळी वाजवली. खरंच वाजवली! तिला कळेना सर रागावले की काय.

८ फेब्रुवारी, शनिवार

नागपूरला परीक्षा. गोपाल तिच्यासोबत गेला. दुपारी तीनला फोन — "सर, पत्र चांगलं गेलं. एका जागी 'इर' लिहून झालं होतं. खोडलं!"

१६ फेब्रुवारी

निकाल नाही. शब्दकोश 'सी' अक्षरापर्यंत वाचून झाला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पास!! लिहिण्यातही! गोपाल पेढे घेऊन आला. प्रेरणा पाया पडायला वाकली तेव्हा मी मागं सरलो. म्हटलं, बाई, पाया पडण्याजोगं मी काही केलेलं नाही. म्हणाली, "सर, चुकलो म्हणणारा मास्तर मी दुसरा नाई पाह्यला."

एप्रिलमध्ये जाईल. आजचा पेढा फार गोड लागला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी चहा पुढं ठेवून कोकिळा तिथंच उभी राहिली. म्हणाली, "प्रेरणाचं झालं. आता मले शिकवान का?"

"काय?"

"इंग्रजी. चाळीस वर्षं झाली लगनाले. साऱ्या गावाले शिकवलं तुमी. मले एक डाव बी इचारलं नाई."

बाजारात जाऊन दोनशे पानी वही आणली.

सहा वाजता शिकायला बसते म्हणाली आहे. मी पाचपासूनच तयार होऊन बसलोय.