खोटा फ्लॅश

ता. ११ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सगळ्यात आधी आली ती निळ्या केसांची. दार उघडलं तर केस काळेच. मग तिनेच सांगितलं की निळे टोपाचे होते, आणि ती तुझी मैत्रीण. मागून शिंगंवाला आला, बिनशिंगांचा. कपबशा कमी पडल्या म्हणून त्याला पेल्यात चहा दिला तर म्हणाला, आमच्या राज्यात असाच पितात. मी हसून हसून बेजार.

तुमचं ते संमेलन, ॲनिमेचं (कार्टूनचं म्हटलं की तुला राग येतो), तिथलं सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. तू चिलखत घालून उभी राहिलीस आणि लोकांनी फोटोसाठी रांग लावली म्हणे. व्यायामाच्या चटईचं चिलखत ते, रंग देताना माझीच बोटं आठवडाभर काळी होती, तरी ऐकताना मला ते लोखंडाचंच वाटलं. तुझ्या पाठीवरचा झगा आपल्या स्टुडिओच्या पडद्याचा, हेही मी सांगून टाकलं. मारली थोडी फुशारकी.

आता खरं ते लिहिते. पोरं संमेलनात आजोबांनी काढलेले फोटो न्यायला आली होती. त्यांनीच पोरांना आठवड्याने घरी बोलावलं होतं. आणि रोल मी मंगळवारीच धुऊन घेतला होता. धुणारा म्हणाला, बाई, हा कोरा आहे, एकही फोटो काढलेला नाही.

फोनवर हे बोलता येत नाही, आजोबा खुर्ची ओढून शेजारीच बसतात. रोज विचारतात, रोल आला का. मी म्हणते, धुणाऱ्याकडे गर्दी आहे. डॉक्टर म्हणाले होते, माणसं विसरतील, नावं विसरतील, पण हातातलं काम सगळ्यात शेवटी जाईल. मी त्यावरच भिस्त ठेवून होते गं. पोरांना थाप मारली की पुढच्या आठवड्यात या. तिथे काय झालं ते तू लिही, आणि मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

मुरांबा संपला की बरणी परत पाठव. माया आहेच, पत्राला मात्र उशीर करू नकोस.

तुझी आजी


ता. १५ मार्च

ती. आजीस,
सा. न.

आजी, मला तिथेच कळलं होतं.

तुला आठवत असेल, आजोबा स्टुडिओत पहिला फ्लॅश खोटा उडवायचे. नुसता उजेड, फोटो नाही. गिऱ्हाईक समजायचं की झालं, श्वास सोडायचं, खांदे खाली यायचे, आणि तेव्हा ते खरा फोटो काढायचे. तिथेही त्यांनी तसंच केलं. मला स्टुलावर बसवलं, हनुवटी दोन बोटांनी खाली केली, तलवार जड आहे असं समज म्हणाले. चटईची तलवार ती, पण त्यांनी म्हटल्यावर खरंच जड झाली. फ्लॅश उडला. मी खांदे सोडले आणि खऱ्याची वाट पाहत बसले. ते म्हणाले, छान, चला, पुढचे कोण.

मला वाटलं, माझंच लक्ष नसेल. म्हणून बाजूला उभी राहून पाहिलं. निळीचा खोटा झाला, शिंगंवाल्याचा खोटा झाला. बोट कॅमेऱ्याच्या बटणावर एकदाही गेलं नाही. खोट्यानंतर खरा काढायचा असतो, तेवढंच ते विसरले होते.

मी सांगायला हवं होतं. पण आजी, तीस जण रांगेत होते. इतर फोटोवाले आपले मोठे कॅमेरे खाली ठेवून आजोबांचं काम बघत होते. आजोबा एकेकाची कॉलर, एकेकाचे पंख नीट करत होते. एका राक्षसाला म्हणाले, दाढी केली असतीस तर बरं झालं असतं. आणि मला त्यांनी माझ्या नावाने हाक मारली. दोन महिने ते मला आईच्याच नावाने हाक मारताहेत. चिलखतात घामाने भिजले होते, तिथेच रडून घेतलं, कोणाला कळलं नाही.

पोरांना खरं सांग. आजोबांना मात्र कळू देऊ नकोस.

बरणी धुऊन ठेवली आहे. मला रागाव, पण मनातून काढू नकोस.

तुझी चिमणी


ता. २३ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुला कशी रागावू? मीही गप्पच राहिले असते.

पोरांना सांगितलं. कोणी चिडलं नाही. शिंगंवाला पेला खाली ठेवून म्हणाला, आजी, आम्ही घरीच येतो, सगळा वेश करून. काल आली. जिन्यात शेजारीण पिशवी घेऊन उभी होती, ती पंखवाल्याला बघून भिंतीला चिकटली, अजून बोलत नाही माझ्याशी. मी तुझा झगा खिडकीवर पडद्यासारखा लावला. रोल माझ्या हाताने भरला, दोनदा तपासला. ठरलं असं होतं की खोटा उडवला की मी हळूच म्हणायचं, आता खरा.

कॅमेरा आजोबांपुढे धरला. त्यांनी पाहिला, हसले, आणि घेतला नाही. सरळ जाऊन स्टुलावर बसले. कॉलर नीट केली, केसांवरून हात फिरवला. मला हळूच विचारलं, बाई, मालक नाहीत का आज?

पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, मालक बाहेर गेलेत, मी काढते. चाळीस वर्षं त्या स्टुडिओत मी लोकांचे भांग नीट केले, बटण कधी दाबलं नव्हतं. पोरं त्यांच्या मागे उभी राहिली, निळीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी खोटा उडवला. त्यांनी श्वास सोडला, खांदे खाली आले. मग मी खरा काढला.

रोल निळीकडे दिला आहे. इकडचं सगळं ठीक. तू जेवत जा वेळेवर. दूर आहेस म्हणून लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

ता. क. निळी फोटो घेऊन येत्या शनिवारी पाच वाजता येते म्हणाली. हे सकाळपासून विचारताहेत, मालक कधी भेटतील. मी शनिवारच सांगितला आहे.