उजवा कान

प्रिय अण्णा,

तो पेन्शनचा दलाल आज पुन्हा पाचोडला येऊन गेला, म्हणून लिहितेय. आईनं फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज इतका खाली होता, की मी इथं संभाजीनगरात उठून दाराला कडी लावली.

तुमच्या माघारी तिची पेन्शन तोच सुरू करून देणार म्हणे. दरमहा हिस्सा घेणार, तुमच्याकडून घ्यायचा तसाच. तसं लिहिलेल्या कागदावर सही मागतोय. लेक सैनिक कार्यालयात विचारणार आहे, असं आई म्हणाली. तेव्हा तो हसला.

"विचारू द्या की, मावशी. मग साहेबांच्या उजव्या कानाचंही तिथंच निघंल."

तुमचा डावा कान तोफेनं नेला. ते खरं होतं. तेवढं सांगून भागलं नसतं? मग त्याचं का ऐकलंत? तुम्ही हवालदार, तो तुम्हाला सुभेदारसाहेब म्हणायचा, म्हणून? दोन्ही कान गेले असं सांगा, पेन्शन जास्त बसेल, म्हणाला. घरातही बहिऱ्यासारखं राहा, चौकशीला माणसं गावात येतात.

तुम्ही हुकूम पाळावा तसं ते पाळलंत. चुलीवरचं दूध उतू जायच्या आधी तुम्हाला ऐकू यायचं. पण नातीनं अंगणातून हाक मारली तरी मान वळेना. तिला आधी खेळ वाटला. मग तिनं हाक मारणंच सोडलं. आईशी बोलायचात ते आतल्या खोलीत, बाजाराच्या दिवशी, बाहेर गलका असला की.

चौकशीला कुणीच आलं नाही, अण्णा. येत राहिला तो एकटा.

दवाखान्यात शेवटी आई तुमच्या उजव्या कानाशी वाकली. "ऐकू येतंय का?" तुम्ही आधी दाराकडं पाहिलंत. मग डोळे मिटलेत.

आता मोटारसायकल वाजली की आई रेडिओ बंद करते. मला विचारते, "करू का सही? तुझ्या बापाचं नाव तरी राहील."

उद्या तिला घेऊन मी सैनिक कार्यालयात जाणार आहे. तिथं मदतीला पैसे पडत नाहीत. विचारतील तर सांगेन: डावा कान फौजेत गेला, उजवा शाबूत होता. पुढं काय होईल ठाऊक नाही. आईची पेन्शन अडेल का? पण त्याच्या कागदावर ती सही करणार नाही, हा माझा शब्द.

तुम्ही आता दाराकडं बघू नका.

तुमची,
सुमन