दुसऱ्या डब्यातली यकृतं

प्रिय स्वरूपा,

मंगळवारी दुपारी पावणेदोनला तुझा दुसरा डबा उघडला, बर्फाऐवजी कोमट पाणी हाताला लागलं, आणि तिथंच माझं डोकं फिरलं. पहिल्या डब्यात तुझ्या पीएचडीचं औषध दिलेल्या उंदरांची यकृतं, दगडासारखी गोठलेली. दुसऱ्यात औषध न दिलेल्यांची, मऊ पडलेली. बर्फ पुरला नाही म्हणालीस. आणि तो डबा स्कूटरच्या डिक्कीत ठेवून पिंपळे गुरवला होणाऱ्या सासूबाईंबरोबर दोन तास शालू बघत बसलीस. एप्रिलच्या उन्हात. अगं, मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेला माणूस, पण मलाही कळतं, यकृतातली चरबी बर्फाबाहेर खवट होत जाते. आणि आपल्याला तोच खवटपणा तर मोजायचा असतो.

मी रजिस्टरला लिहिलं, डबा दोन, एकोणतीस अंश. तू हळूच म्हणालीस, समर्थ, 'बर्फात मिळाला' एवढंच लिही ना, माझ्यासाठी. आपलं मोडल्यापासून तीन वर्षांत एक फोन नाही, हक्क मात्र शाबूत. आणि मी गाढवानं खोडून लिहिलंसुद्धा. तू मान तिरकी करून बघितलंस की माझं अजून तसंच होतं, याचाच जास्त राग येतो.

मग नमुने क्रोमॅटोग्राफीच्या मशीनवर चढवले. डबा दोनचे खवटपणाचे आलेख ताडासारखे, डबा एकचे बुटके. म्हणजे कागदावर औषधानं खवटपणा रोखला, तुझं औषध रामबाण. आमच्या लॅबचे मालक हिंदुराव साहेब खूश. मी म्हटलं, साहेब, हा गुण औषधाचा नाही, डिक्कीचा आहे. तर म्हणतात, भावा, तू आकडे दे, अक्कल नको देऊ. वर हेही सांगितलं, की महाळुंग्याच्या एका कंपनीनं या औषधाच्या बाटल्यांची लेबलं छापायला टाकलीत. यकृत सुजलेली माणसं ते पिणार, स्वरूपा. उंदीर नव्हे, माणसं.

आज ती ओळ मी पुन्हा खोडली. एकोणतीस अंश लिहिले, खाली सही केली, तारीख घातली. रिपोर्टवर मात्र सही केली नाही. साहेब म्हणाले, मग उद्यापासून येऊ नकोस. बरं म्हटलं.

रजिस्टरच्या त्या पानाची प्रत सोमवारी तुझ्या गाईड सरांच्या टेबलावर असेल, मीच पाठवलीय. त्याआधी तू स्वतः जाऊन सांग. तू सांगितलंस तर ती चूक ठरेल, उंदीर नव्यानं घेता येतील, लग्नाआधी डिग्री नाही मिळाली तर नंतर मिळेल. माझ्या कागदावरून कळलं तर लबाडी ठरेल. तेवढ्यासाठीच लिहिलं. आता मशीन बंद केलंय, ॲप्रन खुंटीला लावलाय. निघतो, दार ओढून घेतो.

तुझाच, तुला नको असलो तरी,
समर्थ