विड्यावरची कॅसिनोची चिप

बॉथेल, अमेरिका, रविवार

वडीलधारे श्रीरामभाऊ यांस गुरुनाथचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण इथे आल्यापासून मी आणि तुमची बहीण शोभना लेकीच्या दिवाणखान्यात, उघडला की पलंग होणाऱ्या सोफ्यावर झोपतो. त्याच्या मधोमध एक लोखंडी दांडी आहे आणि ती बरोबर तिच्या कमरेखाली येते. तेव्हा जेवढी अंगं वाकतात तेवढी तुमच्या पायांशी वाकवली आहेत असं समजा. तुमचा रक्तदाब कसा आहे? पद्मिनीवहिनींचा गुडघा जिना चढू देतो का? अंधश्रद्धेशी लढणाऱ्या आपल्या विवेक मंडळाचे अध्यक्ष म्हणून तुम्ही हिवाळी व्याख्यानासाठी माझा विषय मागवला होता. विषय मिळाला आहे. कसा मिळाला ते सविस्तर लिहितो, कारण थोडक्यात लिहिलं तर तुम्हाला खोटं वाटेल.

आपली शिवांगी आणि जावई यतीन यांच्या घरात पाहुण्यांसाठी स्वतंत्र खोली आहे. तिथे आम्ही झोपायचं ठरलं होतं. आलो तर खोलीत आधीच वस्ती. काचेची कपाटं, कपाटांत प्लास्टिकच्या डब्या आणि प्रत्येक डबीत जुगाराच्या अड्ड्यावरची एक गोल चकती, जिला चिप म्हणतात. (खायची नव्हे. शोभनाने पहिल्या दिवशी तेच विचारलं.) इथे आठ-आठ दिवस पाऊस हटत नाही, म्हणून या चकत्यांना दमट हवा बाधू नये यासाठी खोलीत रात्रंदिवस एक यंत्र घुमत असतं. सासूच्या कमरेला बाधणाऱ्या दांडीसाठी मात्र कोणी यंत्र काढलेलं नाही.

आता या चकत्यांचं अर्थशास्त्र ऐका. 'कॉपर मून' नावाचा एक कॅसिनो नेवाडात होता. त्याची पाच डॉलरची चिप काउंटरवर परत केली की पाच डॉलर मिळायचे. पुढे मालकाने जाहीर केलं की कॅसिनो पाडणार, त्याआधी थोड्याच खास चिपा काढणार. लोकांनी रांगा लावून त्या घेतल्या आणि परत न करता घरी नेल्या. म्हणजे मालकाने प्लास्टिक आणि माती विकली आणि पाच डॉलर खिशात घातले. मग इमारत पडली. उरलेल्या चिपा काँक्रीटमध्ये गाडल्या अशी आवई उठली (कोणी पाहिलं? कोणी नाही). आता त्या चिपेचे पाच डॉलर जगात कोणीही देणार नाही. म्हणून तिची किंमत दोनशे. श्रीरामभाऊ, बुवाच्या अंगाऱ्याविरुद्ध आपण गावोगाव घसा फोडला. पण अंगारा निदान फुकट मिळतो आणि बुवा निदान जिवंत असतो.

हे मी यतीनला ऐकवलं. पोरगा नागपूरचा, स्वभावाने गोड. म्हणाला, "बाबा, तुम्ही समजून घ्या ना यार. सॉरी, यार नाही. पण प्राइस वाढून राहिली आहे ना." मी विचारलं, का वाढते? तर म्हणे लोकांना हवी आहे. लोकांना का हवी? तर प्राइस वाढते आहे. हे एवढं वर्तुळ पूर्ण करायला त्याने अमेरिकेत येऊन दोन पदव्या घेतल्या.

यानंतर सत्यनारायण झाला. (माझा आणि शोभनाचा तह तुम्हाला माहीतच आहे: ती माझ्या व्याख्यानाला येत नाही, मी तिच्या पूजेला बसत नाही.) गुरुजी फोनवर होते. चौरंगासमोर पाच विडे मांडायचे, प्रत्येकावर सुपारी आणि एक नाणं. आता या घरात नाणं कुठून येणार? ही माणसं भाजीसुद्धा फोन टेकवून आणतात. शिवांगी स्वयंपाकघरात शिऱ्यात अडकलेली. शोभनाने यतीनच्या टेबलाचा खण उघडला, तर आत पाच गोल वस्तू, प्रत्येकीवर ठसठशीत पाचाचा आकडा. तिला वाटलं, अमेरिकेचं पाचाचं नाणं. आपल्याकडे असतं, मग इतक्या श्रीमंत देशात का नसावं? त्या कॉपर मूनच्या चिपा होत्या, डबीत सीलबंद करायला पाठवण्यासाठी काढून ठेवलेल्या. ओली हळद, कुंकू, वर पंचामृताचे थेंब, आणि गुरुजींनी पूजा उद्यापर्यंत हलवू नका म्हणून बजावलेलं. सकाळी पाचही चिपांच्या पांढऱ्या कडा पिवळ्याधमक.

यतीन एकेक चिप भिंगाखाली धरून बघत बसला, आणि त्याचंच शोभनाला जास्त लागलं. शेवटी शिवांगीने निकाल दिला: इथून जवळच रेडमंडला चिपवाल्यांचा मेळावा आहे, तिथे या विकून बघ. विकल्या गेल्या नाहीत तर अख्खा पसारा काढायचा आणि खोली आईला द्यायची. यतीन कबूल झाला. त्या चिपा विकल्या जाऊ नयेत म्हणून मी जातीने त्याच्यासोबत गेलो, हे तुमच्यापासून काय लपवायचं.

हॉटेलच्या हॉलमध्ये शंभरेक वयस्क मुलं जमली होती. सगळ्यांच्या डोळ्यांना भिंगं. लिलावाच्या टेबलावर रीमा नावाची मुलगी, आपल्याच लोकांची, जन्म न्यू जर्सीचा. तिने चिप उलटीपालटी केली आणि म्हणाली, "काका, व्हॉट इज धिस यलो?" श्रीरामभाऊ, मला कोणी जाहीर सभेत प्रश्न विचारला की माझं काय होतं हे तुम्ही जाणता. समोर माइक होताच. मी इंग्रजीत, पण आपल्या पद्धतीने, तोफ डागली. म्हटलं, हा डाग अज्ञानाचा आहे. माझ्या पत्नीने ही तुमची लाडकी चकती नाणं समजून देवापुढे ठेवली, हळदीत बुडवली, दह्यादुधाने न्हाऊ घातली. असला वेडेपणा तुमच्या संपूर्ण देशात कोणी केलेला नसेल. अशी भ्रष्ट झालेली चिप पृथ्वीवर दुसरी मिळणार नाही, आणि जो हिच्यासाठी एक डॉलर देईल त्याच्या अकलेची मला कीव येईल.

हॉलमधली सगळी भिंगं माझ्याकडे वळली. रीमा माझ्या कानात पुटपुटली, "काका, यू आर किलिंग इट." मी समाधानाने मनात म्हटलं, मारली एकदाची. (इथे त्याचा अर्थ 'कमाल करताय' असा होतो, हे यतीनने नंतर सांगितलं.) तेवढ्यात मागून आवाज आला, पृथ्वीवर दुसरी नाही, नक्की? मी गरजलो, नक्की. झालं. तीनशे, चारशे, सातशे. मी हात वर करून थांबा, थांबा म्हणालो, तर रीमाने तीही एक बोली धरली. शेवटी एका निवृत्त दंतवैद्याने ती अकराशेला घेतली आणि मला म्हणाला, ही कथा कागदावर लिहून सही करून द्या. मी बाणेदारपणे नकार दिला. तर तो बायकोला सांगतो, पाहिलंस, मूळ साक्षीदार सही देत नाही, म्हणजे यात काहीतरी आहे. उरलेल्या चार पार्किंगमध्येच गेल्या.

म्हणजे मी भाविकांच्या गर्दीत उभं राहून देव नाही म्हणालो आणि त्यांनी तिथेच देऊळ बांधलं. मालाला गुण नसला तरी चालतो, तुटवडा आहे एवढं कोणीतरी ओरडून सांगावं लागतं. शिव्या देत सांगितलं तर आणखी बरं. हाच व्याख्यानाचा विषय धरा: 'टंचाईचे पुजारी'. मी तासभर कोणालाही खुर्चीत हलू देणार नाही.

यतीन आता आनंदाने वेडा झाला आहे. काल म्हणाला, "बाबा, आईंना सांगून अजून एकवीस करून द्या ना, मग मी कलेक्शन बंद करतो. रूम तुमची, प्रॉमिस." मी त्याला असं काही झाडलं की बाहेरचा पाऊसही क्षणभर थबकला असावा. ज्याने हयात बुवाबाजीशी लढण्यात घालवली, तो जावयासाठी कॅसिनोचा प्रसाद तयार करणार? तत्त्व म्हणजे तत्त्व. मंडळाच्या सभासदांना हे आवर्जून वाचून दाखवा.

वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
गुरुनाथ

ता. क. वरचं पत्र लिहून ठेवल्यावर सकाळी शोभनाला सोफ्यावरून उठताच येईना. मी आणि शिवांगीने तिला दोन्हीकडून धरून उभं केलं. ती एवढंच म्हणाली, तुमचं तत्त्व आणि माझी कंबर यांत आधी काय मोडतं ते बघू.

ता. क. २. इथल्या दुकानातली हळद कुचकामी आहे. काल रात्री दोन चिपांवर लावून पाहिली, धुतल्यावर निघून गेली. तुम्ही सांगलीत राहता. बाजारातली चांगली गडद हळद कुरिअरने पाठवाल का? सोबत मंडळाच्या लेटरहेडवर, ही हळद अस्सल सांगलीची असून या कामासाठी पुन्हा पाठवली जाणार नाही, एवढं इंग्रजीत लिहून शिक्का मारा. अध्यक्षांची सही असली तर उत्तम.

ता. क. ३. पाव किलोच पाठवा. जास्त आली आणि कोणाला कळलं, तर भाव पडेल.